नॉर्मलचं रक्त

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवरच्या लॅबमध्ये सिकलसेलच्या तपासणीचं नवं खोकं फुटलं की आधी दोन रक्तं लागायची. एक आजारी असल्याचं माहीत असलेलं आणि एक चांगलं असल्याचं माहीत असलेलं. दोन्ही लावून पाहिल्याशिवाय औषध नीट आहे की नाही ते कळत नाही. आजारी रक्तासाठी सुचिताला लांब जावं लागत नसे. तिची नणंद पायलच लाल कार्डवाली होती, म्हणजे पूर्ण आजाराची, लॅबच्या कागदावर 'एसएस'. दर महिन्याला तपासणीला यायची. चांगलं रक्त असायचं लॅबचे मालक अर्जुनराव यांचं. अर्जुनराव पासष्टीचे, आणि आपलं रक्त तालुक्यात एक नंबर आहे असा त्यांचा दावा. बोट पुढं करताना ते छातीही पुढं करायचे.

त्या मंगळवारी अर्जुनराव भाच्याच्या लग्नाला देऊळगाव राजाला गेले होते, म्हणून सुचितानं स्वतःचंच बोट टोचलं.

पायलची नळी गढूळ झाली. ती व्हायलाच हवी होती. नळीच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरतात. पाणी नितळ राहिलं तर रेघा दिसतात, गढुळलं तर दिसत नाहीत. सुचितानं आपली नळी कागदापुढं धरली तर रेघा गायब.

"घ्या, खोकंच बाद निघालं," ती स्वतःशीच बोलली आणि दुसरी बाटली फोडली. पुन्हा बोट टोचलं, पाच मिनिटं थांबली. रेघा नाहीत. मग तिनं कपाटातली जुनी, निम्मी वापरलेली बाटली काढली. तिच्यावर कालच वीस माणसं तपासून झाली होती आणि एकाचंही काही चुकलं नव्हतं. त्या बाटलीनंही तेच सांगितलं. आता औषधाला नावं ठेवायची सोय राहिली नाही. सिकलसेल तिच्या रक्तात होता. पूर्ण आजार नव्हे, अर्धा. पिवळ्या कार्डाचा. असा माणूस धडधाकट जगतो, त्याला काही कळतही नाही. पण नवराही पिवळ्या कार्डाचा असला तर चारातलं एक मूल लाल कार्डाचं होतं. तिचा नवरा पिवळ्या कार्डाचा होता, आणि तिला नववा आठवडा चालू होता.

तिनं पर्समधून दवाखान्याची फाइल काढली. त्यात तपासण्यांचा कागद होता, लॅबनंच भरलेला. 'सिकलसेल: निगेटिव्ह.' अक्षर तिचंच होतं. रक्त न तपासताच लिहिलेलं.

सुचिता काही बेजबाबदार बाई नव्हती. उलट लहानपणी तिचे वडील तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे, इतकं ती खोदून खोदून विचारायची. पाच वर्षांत तिनं शाळाशाळांतून हजारो पोरांची बोटं टोचली होती. फक्त स्वतःचं टोचायचं तिच्या मनातच आलं नाही. का आलं नाही, याचं उत्तर तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या ठाऊक होतं. पण ते मोठ्यानं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

सुचिताचं माहेर मलकापूरजवळच्या एका खेड्यातलं, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं, हिंदू. धम्मरत्न नांदुऱ्याचाच, बौद्ध, विजेच्या ऑफिसात लाईनमन. बहिणीला घेऊन लॅबमध्ये यायचा, तिथं ओळख झाली आणि चार वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून सुचिताचे वडील उत्तमराव यांच्यापुढं पोरीचं नाव काढलं की त्यांना शेतातलं काम आठवायचं. आई आशाबाई गोठ्यात जाऊन चोरून फोन करायची. अख्ख्या गावात त्यांच्या म्हशीइतकं कोणी फोनवरचं ऐकलं नसेल.

सासरी सासू भिमाबाई, नवरा आणि पायल. घर लहान, पण माणसं समजूतदार. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर सुचिताचा बालाजी. भिमाबाई रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायच्या, सुचिता बालाजीला उदबत्ती लावायची, आणि कोणी कोणाच्या कोपऱ्यात लुडबूड करत नसे. नवराबायकोंनी तर याचा नियमच करून टाकला होता. धर्माची गोष्ट निघाली की दोघंही म्हणायचे, "तू म्हणशील तसं." चार वर्षं हा नियम सोन्यासारखा चालला. बारशाचं कसं करायचं, मुलाचं नाव काय ठेवायचं, असले प्रश्न आल्यावर तो मोडेल असं त्यांना वाटे. तो मोडला त्याच्या फार आधी.

नागपूरला जाऊन गर्भाची तपासणी झाली. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. चारातलं ते एक यांच्याच वाट्याला आलं होतं. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आता रोजच्या गोळ्या निघाल्यात, बरीच मुलं चांगली जगतात. काही फार सोसतात. कोणतं कसं निघेल हे आज सांगता येत नाही. ठेवायचं नसेल तर कायद्यानं करता येतं, पण उशीर करू नका. आठ दिवसांत कळवा. दोघं मिळून ठरवा."

परतीच्या गाडीत वर्धा मागं पडलं. बडनेऱ्याला सुचितानं विचारलं, "कसं करायचं रे?"

"तू म्हणशील तसं," धम्मरत्न म्हणाला.

"नाही, तू म्हणशील तसं," सुचिता म्हणाली.

अकोला येईपर्यंत ही देवाणघेवाण तीनदा झाली. मग तिनं डोळे मिटले आणि हिशेब लावला. हा रोज आईच्या मागं उभा राहून पहिलं शील म्हणतो, प्राण घेणार नाही म्हणून. याला मूल पाडायचं नाही. पण मला दुखवायचं नाही म्हणून बोलत नाही. शेजारी धम्मरत्ननंही डोळे मिटले होते, आणि त्याचाही काही हिशेब चालला असावा असं त्याच्या भुवयांवरून दिसत होतं.

रविवारी दुपारी सुचिता एकटीच विहारात गेली.

भंते अंगण झाडत होते. साठीचे, मूळचे मेहकरकडचे, चीवर घेण्याआधी एसटीत कंडक्टर होते. ती सवय पुरती गेली नव्हती. कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"कुठं?"

"इथंच, भंते. एक विचारायचं होतं. माझ्या मैत्रिणीचं आहे."

मैत्रिणीची सगळी हकिगत तिनं एका दमात सांगितली. भंतेंनी झाडू भिंतीला लावला.

"कितवा महिना मैत्रिणीले?"

"चौथा."

"मंग तिले म्हणा, उन्हात उभी नोको राहू. तिथं पायरीवर बस."

सुचिता मुकाट्यानं पायरीवर बसली. भंतेही थोडं अंतर राखून बसले.

"पहिलं शील काय सांगतं यावर?" तिनं विचारलं.

"जीव घेण्यापासून दूर राहीन, असं सांगते. आन आमचा भिक्खूंचा नियम तं लय साफ हाय. पोटात जीव धरला तिथपासून माणूस. भिक्खूनं एखाद्या बाईले पाडाचं औषध दिलं, नाहीतं नुसतं 'पाड' म्हटलं, तरी तो भिक्खू राह्यत नाही."

"म्हणजे नको."

"मी नोको कुठं म्हटलं? मी माह्यं सांगतलं. मले 'कर' म्हणता येत नाही, म्हटलं तं चीवर जाईन. आन 'नोको करू' म्हटलं, तं तू घरी जाऊन वीस-तीस वरसं सोसशील आन मी इथं पालापाचोळा झाडत राहीन. दोन्हीत माह्यं काय गेलं?"

सुचिताला हे अनपेक्षित होतं. बरोबर की चूक असा शिक्का मिळेल म्हणून ती आली होती. "पण पाप लागतं का नाही?"

"मनात काय धरून केलं, त्याचं कर्म होते. रागानं केलं, लालचीनं केलं, का दयेनं केलं. पण सांभाळजो माय, माणूस दयेच्या पोत्यात आपली भीतीही भरून ठेवते. तुह्या पोत्यात काय हाय ते मले दिसत नाही." मग त्यांनी विचारलं, "तू शील घेतलं काय?"

"नाही. नवऱ्यानं घेतलंय. त्याच्यासाठीच विचारतेय."

भंते मोकळेपणी हसले. "नवऱ्याचं तिकीट बायकोनं काढलं तं चालते. शीलाचं नाही चालत. त्याले इचार."

तिला हसूही आलं आणि थोडा रागही आला. मैत्रीण केव्हाच नवऱ्यात बदलली होती हे तिला विहाराच्या फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं.

घरी येऊन पाहते तर दाराशी ओळखीच्या चपला. आत पलंगाच्या अगदी कडेला, उठून जायच्या तयारीत असल्यासारखी, आशाबाई बसलेली. मांडीवर पिशवी, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. चार वर्षांत पहिल्यांदा तिची आई या घरात आली होती. तिच्यापुढं स्टुलावर चहाचा कप होता, तसाच भरलेला.

"माय? तू कशी?"

आशाबाईनं धम्मरत्नकडे बोट केलं. "यायले इचार. काल वावरात येऊन उभे राह्यले. म्या म्हटलं, लाईन गेली का काय."

धम्मरत्न ओशाळून उभा होता. "तुमच्या धर्मात काय सांगतात, ते विचाराले गेलो होतो. तुले विचारलं असतं तं तू म्हणली असती, तू म्हणशील तसं."

"आणि मी आत्ता विहारातून येऊन राह्यली," सुचिता म्हणाली. "तुमच्यात काय सांगतात ते विचारून."

दोघं एकमेकांकडे पाहतच राहिले. आपल्या घरात बसून दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं, आणि खात्री करायला तिसऱ्याच्या दारात जायचं! सुचिताला त्याची इतकी माया आली की तिला भांडायचंच सुचेना.

"इहीणबाई, चहा घ्या. निवून राह्यला," भिमाबाई म्हणाल्या.

"उपास हाय मले."

"उपासाले चहा चालते ना."

"हाव, चालते," असं म्हणून आशाबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. भिमाबाईंनी पाहिलं आणि नजर वळवली. अशा गोष्टी न पाहिल्यासारखं करायचा त्यांना आयुष्यभराचा सराव होता.

"काय सांगतात मग, माय?" सुचितानं विचारलं.

"कीर्तनात सांगतात. सातव्या महिन्यात पोटातलं लेकरू देवाले हात जोडते. म्हणते, देवा, मले बाहीर काढ, मी तुह्यं नाव घेईन. अशा जीवाले मारणं म्हंजे मोठ्यात मोठं पाप. धुतल्या जात नाही." मग ती खाली बघत म्हणाली, "पण मी कीर्तनातलं सांगाले नाही आली. माह्यं सांगाले आली."

पदर तोंडावर धरून तिनं सांगितलं. सुचिता तीन वर्षांची असताना पुन्हा दिवस गेले. सासूनं बाहेरगावी नेलं, तिथं मशीन लावून पाहिलं, पोरगी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोट रिकामं करून घरी आणलं. ज्या घरात एकादशीला कांदा चिरत नसत, त्या घरात हे झालं, आणि कीर्तनालाही तेच घर पुढं बसायचं. नंतर सुचिताचा भाऊ गणेश झाला.

सुचिताच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दरवर्षी मार्गशीर्षात एका ठरावीक दिवशी आई गावातली एक पोर जेवायला बोलवायची आणि तिला नवे कपडे द्यायची. लहानपणी सुचिता त्या कपड्यांवरून रुसायची. आणि एक गोष्ट तिला कधीच उमगली नव्हती. आई आधी कपडे आणायची आणि मग त्या मापाची पोर शोधत फिरायची. आधी झबलं होतं. मग फ्रॉक, मग शाळेचा ड्रेस, मग पंजाबी सूट. गेल्या दोन-तीन वर्षांपासून साडी.

"माय, ते माप..."

"तिचं वाढतं माप होतं वं. सव्वीस वरसाची झाली असती औंदा." आशाबाई आता उघडच रडत होती. "देवानं नाही इचारलं मले काही. कोणीच नाही इचारलं. मी ठेव म्हणून सांगते, सुची. कसंही असो, ठेव. मले कपडे घेता घेता सव्वीस वरसं झाली."

रडता रडता तिनं तो गार चहा पिऊन टाकला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

सुचितानं सासूकडं पाहिलं. पंचशीलाची बाई. मुंग्या निघाल्या तर मारायची नाही, हळद टाकून वाट बदलायची. आता दोघी मिळून 'ठेव' म्हणणार, असं सुचितानं धरलंच होतं.

"नोको ठेवू," भिमाबाई म्हणाल्या.

"आई?" धम्मरत्न दचकला.

"तू चूप बे. तुले काय माहीत? पोट्टी तीन वरसाची होती, तवापासून पाह्यते. थंडी पडली की हाडं फोडल्यावानी वरडते. पाय दाबले तरी वरडे, नाही दाबले तरी वरडे. बुद्धानं दुःख पाह्यलं आन घर सोडलं. मी कुठं जाऊ घर सोडून? मी तिथंच बसून राह्यली." त्यांचा आवाज चढला होता. "मी रोज म्हणते शील, खोटं नाही म्हणत. पण पायलच्या येळेस मले कोणी इचारलं असतं ना, तं मी नाही म्हटलं असतं."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. पायल तिथं तलाठी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती. कानात इयरफोन होते, पण एकच, आणि तोही बंद असावा. ती उठली, कोणाकडं न बघता बैठकीतून गेली आणि जिना चढून गच्चीवर निघून गेली. भिमाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत सुचिताला सगळ्या प्रकारात एक विचित्र कुतूहल वाटत होतं. ज्या बाईचं शास्त्र मोठ्यात मोठं पाप म्हणतं तिच्या घरात ते घडलेलं, ज्या बाईचं शील प्राण घेऊ नको म्हणतं ती नको ठेवू म्हणते. पोथीत एक आणि पदराखाली दुसरं. पण पायल समोरून गेली आणि सुचिताची मान खाली गेली. पोटातल्याविषयी तिनं भंतेंना विचारलं, डॉक्टरला विचारलं, नवऱ्यानं तिच्या आईला विचारलं. हा आजार जगत असलेलं एक माणूस शेजारच्या खोलीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गच्चीवर मुगवड्या वाळत होत्या. पायल एकेक उलटत बसली होती. चोवीस वर्षांची, सडपातळ, डोळ्यांच्या पांढऱ्यात नेहमीची पिवळी झाक. सेतू केंद्रात काम करायची आणि अर्ज चुकीचा भरून आणणाऱ्या मोठमोठ्या माणसांना फैलावर घ्यायची.

"आई तसं म्हणली नाही..." सुचितानं सुरुवात केली.

"म्हणली. आन खरं म्हणली," पायल म्हणाली. "दुखते तेव्हा मी बी तेच म्हणते. कायले जन्माले घातलं म्हणते."

सुचिता तिच्याशेजारी बसली. पाच वर्षं ती या मुलीचं रक्त काढत होती. हिमोग्लोबिन किती, पेशी किती, सगळं तोंडपाठ. "कसं दुखतं गं?"

पायलनं तिच्याकडं निरखून पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. "दारात बोट सापडते ना, तसं. पण दार उघडत नाही कोणी."

"किती दिवस?"

"गेल्या वरसी एकूण चाळीस दिवस झाले असतीन. दवाखाना, घर, सगळं धरून." तिनं एक वडी उलटली. "चाळिसाचं सारेच इचारतात, वैनी. डॉक्टरही, पाव्हणेही. राह्यलेल्या सव्वातीनशे दिवसांत मी काय करते, ते नाही इचारत कोणी."

"काय करतेस?"

"अभ्यास करते. लोकायचे अर्ज भरते. नांदुऱ्यातल्या साऱ्या पोट्ट्यायचे फोटो मोबाईलात पाह्यते आन नाकारते." ती हसली, सुचितालाही हसू आलं. मग पायल गंभीर झाली. "आता तू इचारशील, ठेवू का नोको. मी नाही सांगणार."

"मी तेच विचारायला आले होते."

"माहीत हाय. पण माह्यं जगणं मी काढून राह्यली. त्याचं कसं निघन ते मी कबूल करू शकत नाही. एकच सांगते. ठेवलं तं मले वाईट वाटन म्हणून ठेवू नोको. आन नाही ठेवलं तरी मी याच घरात राहीन, तुह्यासमोर, रोज. तेवढं ध्यानात घेऊन ठरव."

पायल खाली गेली आणि जाताना तिनं भावाला वर पाठवून दिलं.

धम्मरत्न कठड्याला टेकून उभा राहिला. सुचितानं ठरवलं, आता 'तू म्हणशील तसं' नाही. पण त्याआधी तिला गळ्यात अडकलेलं ओकायचं होतं.

"फाइलमध्ये निगेटिव्ह मीच लिहिलं होतं. रक्त न तपासता."

"काऊन?"

"मला वाटलं तपासायची गरज नाही." ती पुढं म्हणाली, "माय म्हणायची, तो आजार त्याइच्यात असते. आपल्यात नसते. मी शिकलेली, मला माहीत आहे रक्ताला जात नसते, मी शाळेत जाऊन पोरांना तेच सांगते. तरी आत कुठंतरी ते बसलेलं होतं. तुमच्यातलं ते. आमच्यात नाही."

त्यानं तोंड रस्त्याकडं फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे चार वरसं माह्या ताटात जेवून बी..."

"हो."

"लाज वाटते का?"

"हो. फार."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण अर्धाच. "आता माह्यं ऐक. आमच्यात लग्न जमवतानी आधी कार्ड मागतात, पत्रिकेसारखं. तुह्याशी करतानी मी नाही मागतलं. दोस्तायले म्हटलंही होतं, बाहेरची पोरगी हाय, आता लेकराले भीती नाही. तुम्ही आमच्यात हाय म्हणत होत्या, आम्ही तुमच्यात नाही म्हणत होतो. गोष्ट एकच झाली ना बे?" रागाच्या भरात बायकोला 'बे' म्हटल्याचं त्याचं त्यालाच समजलं, आणि तो कठड्यावर मटकन बसला.

अशी चूक फक्त या घरातच होऊ शकत होती. धम्मरत्ननं आपल्यातच लग्न केलं असतं तर कार्ड आधी मागितलं गेलं असतं.

"तुला काय वाटतं ते सांग," सुचिता म्हणाली. "शील नको सांगू. तुझं सांग."

"मले नाही पाहवणार, सुची." त्याचे डोळे भरून आले. "लहानपणी पायल वरडे तं मी घराबाहीर पळून जाओ. आईनं पाह्यलं, मी नाही. मी बाप होऊन बी पळून जाईन, याची भीती वाटते मले. मंग शील मोडलं तं मोडलं. मोडलं म्हणूनच म्हणीन. दयेनं केलं म्हणून नाही सांगणार कोणाले."

सुचितानं स्वतःच्या मनात पाहिलं. तिला मूल हवं होतं, फार हवं होतं. पण रोज सकाळी त्याच्या बोटातून रक्त काढायचं, आणि त्यानं एक दिवस 'आई, तू तपासलं का नाहीस' म्हणून विचारायचं, हे तिला पेलणारं नव्हतं. भंतेंनी सांगितलेलं पोतं तिनं उघडून पाहिलं. त्यात दया थोडीच होती. बाकी भीती होती, आणि ती तिची स्वतःची होती.

"मलाही नाही पेलणार," ती म्हणाली. दोघं वड्यांच्या शेजारी बसून रडले. सवय नसल्यामुळे दोघांनाही एकमेकांसमोर रडता येईना, तरी रडले.

आशाबाईला सांगितलं तेव्हा तिनं वाद घातला नाही. "मी मार्गशीर्षात आता दोन जोड घेत जाईन," एवढंच म्हणाली आणि शेवटच्या एसटीच्या आधीच निघाली.

शुक्रवारी अकोल्याला जायचं ठरलं. पायलनं सेतू केंद्रातून सुट्टी घेतली. "तू कायले?" भिमाबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "दादा पळून गेला तं वैनीसोबत कोणी पाह्यजे ना." भिमाबाई रविवारपासून तिच्याशी नीट बोलू शकल्या नव्हत्या. निघताना त्यांनी तिच्या गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळला, आणि पायलनं गुंडाळू दिला.

दवाखान्यात टेबलामागं एक सिस्टर फॉर्म भरत होती. नाव, वय, गाव, कितवा आठवडा. धम्मरत्ननं खिशातून पेन काढलं. "मी कुठं सही करू?"

"तुमची नाही लागत. बाई सज्ञान आहेत ना? यांची एकटीची."

सुचिता कागदाकडं पाहत राहिली. आठ दिवस दोन धर्म, दोन आया आणि एक भंते यांच्या दारोदार जे फिरलं, त्याला या कागदावर तिच्या नावापुरतीच जागा होती.

"कारण काय लिहू?" सिस्टरनं विचारलं.

जो शब्द ती लॅबमध्ये दिवसातून तीसदा उच्चारायची तो तिच्या तोंडून फुटेना. पायल तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तो शब्द उच्चारायचा म्हणजे त्या पोरीकडं बोट दाखवायचं होतं.

"सिकलसेल," पायल म्हणाली. "एसएस लिहा."

"तुम्हाला बरीच माहिती आहे," सिस्टर मान वर न करता म्हणाली.

"हाव. माह्यं तेच हाय."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. काजळ घातलेली, मफलर गुंडाळलेली, हातात मोबाईल धरलेली ती मुलगी तिनं पुरती पाहिली, आणि मग सुचिताकडं पाहिलं. तिनं खाली मान घालून लिहिलं आणि फॉर्म पुढं सरकवला. ती नजर आपल्याला जन्मभर पुरणार, हे सुचिताला तिथंच कळलं.

पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता. पायलनं त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"कर, वैनी," ती म्हणाली.

सुचिताला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. सही झाल्यावरही पायलनं बोट लगेच उचललं नाही.